दाद म्हणजे न्याय

"सर, अपने खिलाफ तो कुछ नहीं है ना उसमें?"

एखादे नवे नाटक पाहून आलो की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा प्रश्न ठरलेला. विचारणारे सहकारी वयाने माझ्याहून मोठे, सज्जन, पाच वक्तांचे नमाजी. 'नाटक कसे होते?' हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. मी 'नाही' म्हटले की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते वह्या तपासायला घेतात. सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग येत असे. पुढे लक्षात आले की प्रेक्षागृहातल्या खुर्चीत बसल्यावर मीही मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत असतो. पात्रांची नावे कानावर पडू लागली की त्यात 'आपला' कोण आहे, तो चांगला की वाईट, शेवटी त्याचे काय होते, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. अशा प्रेक्षकाला नव्या नाटकाचे खरे रसग्रहण करता येते का? त्याने दिलेली दाद प्रामाणिक म्हणायची का? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

'दाद' हा शब्द फारसीतून आपल्या दोन्ही भाषांत आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ न्याय. न्यायी माणूस तो 'दादगर', आणि जुलूम तो 'बेदाद'. उर्दूत मुशायऱ्यातल्या शेराला आपण दाद देतो, तेव्हा हा जुना अर्थ आपल्या ध्यानात नसतो. मराठीने मात्र दोन्ही अर्थ सांभाळून ठेवले आहेत. मराठी माणूस गाण्याला दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो. जिथे कोणी ऐकून घेणारे नाही तिथे 'दाद ना फिर्याद' असे म्हणतो. म्हणजे कलाकृतीला दाद देणे हे मुळात तिच्याबाबत न्याय करणे आहे. आनंद झाला म्हणून टाळी वाजवणे हा त्यातला एक भाग झाला. योग्य त्याला योग्य तेवढे देणे हा दुसरा. आणि न्याय म्हटला की त्याचे नियमही आले. पहिला नियम असा, की पक्षकाराने न्यायाधीश होऊ नये.

जुन्या नाटकाच्या बाबतीत ही अडचण फारशी जाणवत नाही. त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. 'घाशीराम कोतवाल' आज कोणी पाहायला गेला, तर ते मोठे नाटक आहे हे घरूनच ठरवून जातो. नव्या नाटकाला असा आधार नसतो. पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षक हाच त्याचा पहिला न्यायाधीश असतो. विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' 1972 साली नवे होते. तेव्हा त्यावर अश्लीलतेचा ठपका आला, प्रयोग थांबवले गेले. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती त्यांना मिळाली. त्या नाटकात दाऊद नावाचे एक पात्र आहे. हा दाऊद सखारामच्या घरी गणपतीच्या आरतीला उभा राहतो. मुसलमान आरती कसा म्हणणार म्हणून लक्ष्मी त्याला अडवते, आणि त्यासाठी सखाराम तिला मारतो. पुढे याच दाऊदचा चंपाशी संबंध जुळतो. आता माझ्या हिशेबाच्या वहीत दाऊदला कुठल्या रकान्यात लिहू? आरतीचा प्रसंग जमेला आणि चंपा खर्चाला? असा विचार केला की या वहीतला फोलपणा दिसतो. दाऊद हा माणूस आहे. तेंडुलकरांनी त्याला कुठल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून रंगमंचावर पाठवलेले नाही.

पण ही हिशेबाची सवय लागली कशी, याचाही विचार व्हायला हवा. ती उगाच लागलेली नाही. रंगमंचावर आणि पडद्यावर आपण अनेक वर्षे ठरावीक रूपांतच येत राहिलो. एक तर इमानी पठाण, नाही तर सुरमा घातलेला गुंड, नाही तर 'हमकू मालूम नै' असे बोलून हशा मिळवणारा शेजारी. ज्या कोकणी किंवा देशावरच्या मुसलमानाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, तो त्यात कुठेच नसतो. ज्याच्याविषयी सतत चुकीची साक्ष दिली गेली, तो प्रत्येक नव्या साक्षीदाराकडे संशयाने पाहणारच. माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न या अनुभवातून येतो. त्याला संकुचितपणा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. पण संशय समजून घेणे वेगळे आणि त्याला न्यायाच्या खुर्चीवर बसवणे वेगळे.

महेश दत्तानी यांचे 'फायनल सोल्यूशन्स' हे इंग्रजी नाटक 1993 साली प्रथम रंगमंचावर आले. त्याचा समावेश असलेल्या नाट्यसंग्रहाला 1998 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दंगलीच्या रात्री जावेद आणि बॉबी हे दोन मुसलमान तरुण जमावापासून जीव वाचवण्यासाठी रमणिक गांधींच्या घरात आसरा घेतात. रमणिक उदारमतवादी आहे, दार उघडतो. पुढे कळते की फाळणीच्या काळात त्याच्याच वडिलांनी आणि आजोबांनी एका मुसलमान कुटुंबाचे दुकान जाळवले आणि मग ते पडत्या भावाने घेतले. त्याच्या उदारपणाखाली हे ओझे आहे. आमच्यापैकी कोणीही हा भाग पाहून सुखावेल: पाहा, सत्य बाहेर आले! पण त्याच नाटकात जावेदही कबुली देतो की रथयात्रा उधळण्यासाठी त्याला भरती केले होते आणि तो त्यासाठीच तिथे गेला होता. नाटकातला जमाव तर मुखवटे धरून वावरतो. तीच माणसे कधी हिंदूंचा मुखवटा धरतात, कधी मुसलमानांचा. रमणिकच्या कबुलीला टाळी आणि जावेदच्या कबुलीला कपाळावर आठी, अशी दाद मी दिली, तर मी अर्धेच नाटक पाहिले. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या आणि नातलगांच्या विरुद्ध गेली तरी देण्याची ताकीद आहे. ती कोर्टापुरती आहे आणि नाट्यगृहात लागू नाही, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

दुसरे उदाहरण अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या 1995 च्या नाटकाचे. बापलेकांच्या या संघर्षात गांधीजींचा मोठा मुलगा हरिलाल इस्लाम स्वीकारून अब्दुल्ला होतो. 1936 सालची ही घटना इतिहासात नोंदलेली आहे. काही महिन्यांत तो आर्य समाजाच्या मार्फत परतही गेला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना हा भाग बोचला. त्यांचे म्हणणे असे, की आपला धर्म म्हणजे बापावर सूड उगवण्याचे हत्यार असे त्यातून दिसते. त्यांचे दुःख मला कळले. पण हरिलालचा तो निर्णय खरोखर कशातून आला होता? बापाच्या सावलीत गुदमरलेला, कर्जात आणि दारूत बुडालेला एक मुलगा कोणाला तरी आपले अस्तित्व दाखवू पाहत होता. त्याला आनंदाने खांद्यावर घेणाऱ्या तेव्हाच्या आपल्या लोकांनी त्याच्या श्रद्धेची चौकशी केली होती का? नाटक हा प्रश्न विचारत असेल, तर तो इस्लामवर हल्ला ठरत नाही. तो आपल्याला विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच त्या नाटकाचे रसग्रहण आहे.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो, कारण इतरांना न्याय शिकवणाऱ्याने आपली वही आधी उघडावी.

असगर वजाहत यांचे 'जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ' हे नाटक हबीब तन्वीर यांनी 1990 साली दिल्लीत प्रथम सादर केले. फाळणीनंतर लखनौहून लाहोरला आलेल्या सिकंदर मिर्झांच्या कुटुंबाला एक हवेली वाटून मिळते. त्या हवेलीत मूळ हिंदू मालकाची म्हातारी आई अजून राहते आहे, आणि ती जायला तयार नाही. मिर्झा आधी तिला घालवण्याच्या खटपटीत असतात. हळूहळू ती सगळ्या मोहल्ल्याची माई होते. ती लाहोरात दिवाळी साजरी करते. ती मरते तेव्हा तिचे अंत्यविधी तिच्याच धर्माप्रमाणे व्हावेत असे सांगणारे असतात मोहल्ल्याच्या मशिदीचे मौलवी इकरामुद्दीन. आणि नाटकाच्या शेवटी त्याच मौलवींचा मशिदीत खून होतो. खून करणारे बाहेरून आलेले कोणी नसतात. धर्माचे नाव घेऊन दहशत बसवणारे त्याच मोहल्ल्यातले गुंड असतात.

शाळेच्या सालाना जलशासाठी मी या नाटकातले काही प्रवेश नववीच्या मुलांकडून बसवले. त्यातली हिंदुस्तानी आमच्या मुलांच्या तोंडी सहज बसली. माईचे काम करणाऱ्या मुलीने आपल्या दादीची चाल उचलली आणि तालमीतच दोन शिक्षिकांचे डोळे पाणावले. जलशाच्या आठ दिवस आधी कमिटीच्या एका सदस्याने विचारले, "मशिदीत खून? मुलांच्या पालकांसमोर?" त्यांनी मनाई केली नव्हती, नुसते विचारले होते. मी त्याच संध्याकाळी शेवटचा प्रवेश कापला. माईची अंत्ययात्रा निघते तिथेच पडदा पाडला. टाळ्या खूप पडल्या. सगळे म्हणाले, किती छान संदेश दिलात.

दुसऱ्या दिवशी मौलवींचे काम केलेला मुलगा माझ्याकडे आला. तालमीत त्याने शेवटचा प्रवेश केला होता. तो म्हणाला, "सर, लोगों को तो पता ही नहीं चला कि मौलवी साहब का क्या हुआ."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काय केले होते ते तेव्हा मला नीट कळले. माईला चांगले वागवणारे मुसलमान मी ठेवले आणि मौलवींना मारणारे मुसलमान काढून टाकले. जमेची बाजू दाखवली, खर्चाची फाडली. ज्या माणसाने न्यायासाठी जीव दिला, त्याचे मरणच मी प्रेक्षकांपासून लपवले. वाईट दिसू नये म्हणून केलेल्या या कापाकापीत बळी गेला तो नाटकातला सर्वांत चांगला मुसलमान. 'अपने खिलाफ' काय आहे हे शोधताना अपनों में जो सच्चा था तोच माझ्या हातून सुटला.

या अनुभवानंतर मी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारू लागलो. रंगमंचावरचा माणूस चांगला आहे की वाईट, हे नंतर पाहू. तो माणूस आहे का? त्याला भूक, लाज, भीती, मोह आहे का? असेल तर लेखकाने त्याला न्याय दिला, मग तो आपला असो वा परका, खलनायक असो वा संत. आणि नसेल, तर तो कितीही गोड बोलणारा मुसलमान असला, तरी ते नाटक खोटे आहे आणि त्याला टाळी देणे हीही बेदादच. चांगल्या मुसलमानाचा पुतळा उभा करणाऱ्या नाटकानेही आपला अपमानच होतो, कारण पुतळ्याला चुकण्याचे स्वातंत्र्य नसते.

हा प्रश्न उलट दिशेनेही नेऊन पाहिला पाहिजे. प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' 2017 साली रंगमंचावर आले. तुकारामांच्या आवलीच्या पायात काटा रुततो, आणि तिची सेवा करायला रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी येते. रंगमंचावर या दोघीच. विठ्ठलही नाही, तुकारामही नाहीत. मी ते पाहायला गेलो तेव्हा मला वाटले होते, यात 'आपले' काहीच नाही, हिशेब करायची गरज नाही, निवांत बसता येईल. पण नवरा देवाच्या नादाला लागल्यावर घरातली चूल कोणी पेटवायची, हे आवलीचे भांडण सुरू झाले, आणि मला आमच्या मोहल्ल्यातल्या दोन बायका आठवल्या. त्यांचे नवरे दीनच्या कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असत, आणि त्या शिलाईचे काम करून घर चालवत. मी रडलो. माझ्या श्रद्धेला त्याने धक्का बसला नाही. रखुमाईचे दुःख मला कळते, तर लाहोरच्या मिर्झांचे दुःख शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी हिंदू प्रेक्षकाला कळेल, ही अपेक्षा ठेवण्याचा मला काही हक्क पोहोचतो. आपण आधी दिले नाही, तर मागायचे कोणत्या तोंडाने?

काही बुजुर्ग म्हणतील, नाटक हा मुळात खोट्याचा बाजार, त्यात न्याय कसला शोधता? त्यांच्या मताचा आदर ठेवून एवढेच म्हणेन, की आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी कंपन्यांसाठी नाटके लिहिली आणि हबीब तन्वीर यांनी 1954 साली नजीर अकबराबादींवर 'आग्रा बाजार' उभे केले, तेव्हापासून ही कला आपल्याही घरची आहे. आज शफाअत खान यांच्यासारखे नाटककार मराठीत लिहितात, ही आपली कमाई आहे. घरच्या गोष्टीकडे पाठ फिरवली, तर तिच्याविषयी तक्रार करण्याचा अधिकारही जातो.

मुस्लिम मराठी वाचकांना माझी विनंती साधी आहे. नवे नाटक आले की ते पाहायला जा, कोणी निकाल सांगेपर्यंत थांबू नका. नाटक चुकीचे असेल तर तसे स्पष्ट म्हणा, पण पूर्ण पाहून म्हणा. आणि ज्या प्रवेशाला आपला हात टाळीसाठी उचलत नाही, तिथे क्षणभर थांबून का उचलत नाही ते स्वतःला विचारा.

तो मुलगा आता दहावीत आहे. यंदाच्या जलशाला तेच नाटक पुन्हा घ्यायचे मी ठरवले आहे, शेवटच्या प्रवेशासह. कमिटीसमोर काय बोलायचे तेही लिहून ठेवले आहे. स्टाफरूममध्ये बातमी पोहोचलीच आहे. परवा सहकाऱ्यांनी विचारले, "सर, अपने खिलाफ तो कुछ नहीं है ना उसमें?"

मी म्हटले, "है. आप आइए, साथ बैठ के देखेंगे."