खोटे बोलणाऱ्याच्या बाजूने

जीतू जोसेफ यांच्या ‘दृश्यम’ (२०१३) या मल्याळम चित्रपटात मोहनलाल यांनी साकारलेला जॉर्जकुट्टी हा चौथीपर्यंत शिकलेला केबलचालक मुलीच्या हातून घडलेली हत्या लपवतो, पोलिसांशी धडधडीत खोटे बोलतो आणि तरीही प्रेक्षक जीव मुठीत धरून त्याच्याच सुटकेची वाट पाहत राहतो. सत्याला धर्म मानणाऱ्या मनाचे हे वागणे कोड्यात टाकणारे आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत आपल्या पद्धतीने पुढे नेलेली ‘साधारणीकरण’ ही संकल्पना, म्हणजे पात्राची भावना ‘माझी’ किंवा ‘त्याची’ न उरता सर्वांना सारखीच आस्वाद्य होणे, हे कोडे बरेचसे उलगडते, कारण प्रेक्षक येथे असत्याला नव्हे, तर बापाच्या भयाला आपलेसे करतो.

मात्र शेवटी नव्या पोलीस ठाण्यात नोंदवहीवर सही करून जॉर्जकुट्टी शांतपणे बाहेर पडतो आणि प्रेत त्याच ठाण्याच्या जमिनीखाली पुरलेले असल्याचे उघड होते, तेव्हा हे उत्तर अपुरे वाटू लागते. मोहनलाल यांच्या चेहऱ्यावर ना विजय दिसतो, ना पश्चात्ताप (अभिनयातला हा संयम संवादांहून मोलाचा), आणि त्या हत्येत मुलाला गमावलेल्या आईचा शोक, जो रसदृष्ट्या तितकाच ‘साधारण’ व्हायला हवा, तो प्रेक्षकाने इतक्या सहज बाजूला कसा सारला, हा प्रश्न रसशास्त्राकडून नीतिशास्त्राकडे सरकतो.