वचन दोघांचे, साक्ष तिसऱ्याची

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये झालेल्या करारावर अमेरिकेची सही नाही. तो ब्रिटन आणि आयर्लंड या दोन सरकारांचा आणि उत्तर आयर्लंडमधल्या पक्षांचा. तरीही ३ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव केला, की हा करार पाळला जावा आणि ब्रेक्झिटमुळे आयर्लंड बेटावर पुन्हा कडक सीमा उभी राहू नये. २०२१मध्ये सिनेटनेही त्याच आशयाचा ठराव एकमताने संमत केला. आमच्या घरात तुमचे काय काम, असा सूर तेव्हा ब्रिटनमधल्या बऱ्याच ब्रेक्झिटवाद्यांनी लावला. वरवर पाहता हा राजनैतिक शिष्टाचाराचा वाद आहे. खाली मात्र नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. दोघांनी एकमेकांना दिलेले वचन मोडू नका, असे सांगण्याचा अधिकार तिऱ्हाइताला कुठून मिळतो? माझ्या मते तो साक्षीदाराचा अधिकार आहे आणि तो खराही आहे. पण साक्ष पुऱ्या वचनाची द्यावी लागते, आणि तिथे अमेरिकी लोकप्रतिनिधी कमी पडले आहेत.

आधी अधिकाराचे पाहू. वाटाघाटींच्या अध्यक्षपदी सिनेटमधले माजी बहुमत-नेते जॉर्ज मिशेल होते. सोबत कॅनडाचे जनरल जॉन द शास्टलेन आणि फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी. या तिघांना बोलावले होते ते लंडन आणि डब्लिन या दोन्ही सरकारांनी. बोलावण्याचे कारण उघड होते. तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली होती आणि एकमेकांच्या शब्दावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. शिवाय या करारात देण्याघेण्याच्या वेळा जुळत नव्हत्या. काही गोष्टी लगेच आणि कायमच्या द्यायच्या होत्या. आयर्लंडने जनमत घेऊन आपल्या राज्यघटनेतली दुसरी आणि तिसरी कलमे बदलली आणि उत्तरेवरचा प्रादेशिक दावा सोडला. हिंसक गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे चारशेहून अधिक कैदी ठरल्याप्रमाणे सुटले. ज्यांच्या घरातली माणसे त्यांनी मारली होती, त्यांना हे डोळ्यांदेखत सोसावे लागले. याच्या बदल्यात जे मिळायचे होते, म्हणजे सत्तेतला वाटा, समान मान, बहुमताच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंडचा दर्जा न बदलण्याची हमी, ते पुढची कित्येक वर्षे रोज पाळायचे होते. ज्याने आपली किंमत आधीच चुकती केली, त्याला ती परत घेता येत नाही. समोरचा उद्या फिरला तर त्याच्या हाती उरते ती त्या दिवशी हजर असलेल्या तिसऱ्या माणसाची आठवण. साक्षीदाराची गरज वचनातल्या या वेळेच्या असमतोलातून निर्माण होते, आणि त्याचा अधिकारही तिथूनच येतो.

पहिला आक्षेप सार्वभौमत्वाचा. हॉब्जने मांडले होते, की सार्वभौम सत्ता स्वतःच्याच कायद्याने बांधली जाऊ शकत नाही; जो बांधू शकतो तो सोडवूही शकतो. डायसीने ब्रिटिश संसदेपुरता हाच विचार घटनाशास्त्रात पक्का केला. याच न्यायाने सप्टेंबर २०२०मध्ये उत्तर आयर्लंडचे मंत्री ब्रँडन लुईस यांनी कॉमन्समध्ये सरळ कबूल केले, की ब्रेक्झिट करारातल्या उत्तर आयर्लंडविषयीच्या तरतुदी डावलणारे सरकारचे नवे विधेयक मर्यादित स्वरूपात का होईना, आंतरराष्ट्रीय कायदा मोडते. त्यांचा प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा होता, एवढे म्हणावेच लागेल. पण या युक्तिवादाला सर्वांत ठणठणीत उत्तर युनियनिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्यांच्या, स्वतःच्या इतिहासात आहे. २८ सप्टेंबर १९१२ रोजी अल्स्टरमधल्या प्रोटेस्टंटांनी होमरूलविरुद्ध एका ‘कव्हेनन्ट’वर सह्या केल्या, स्त्रियांच्या वेगळ्या घोषणापत्रासह पावणेपाच लाखांच्या आसपास. त्यामागे स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांची सतराव्या शतकापासूनची परंपरा होती. देवाच्या साक्षीने केलेला करार राजालाही बांधतो, ही तिची श्रद्धा. वेस्टमिन्स्टरमधले बहुमत आमचे भवितव्य आमच्या संमतीविना ठरवू शकत नाही, हे १९१२ साली ठासून सांगणाऱ्यांच्या वारसांनी संसद हवे ते करू शकते हा डायसीचा आधार घ्यावा, हे काही जुळत नाही. गंमत म्हणजे डायसी स्वतः कट्टर युनियनिस्ट होता.

१९९८चा करार मात्र गुड फ्रायडेच्या नावाने ओळखला जात असला तरी देवाला साक्षीला बोलावत नाही. बोलावणार तरी कुणाच्या देवाला? प्रार्थनामंदिरे वेगळी, शाळा वेगळ्या, दफनभूमीतही वेगळे कोपरे, अशा समाजात देवाची साक्ष हीच वादाची गोष्ट ठरली असती. म्हणून ती जागा माणसांनी घेतली: दोन्हीकडच्या जनमताने (उत्तरेत ७१ टक्के, दक्षिणेत ९४ टक्के), संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या नोंदणीने, आणि बाहेरून आलेल्या त्या तिघांनी. धर्मसंस्थांनाही हे पटलेले दिसते. ऑक्टोबर २०२०मध्ये कँटरबरी, यॉर्क आणि आर्मासह पाच अँग्लिकन धर्मप्रमुखांनी जाहीर पत्र लिहून त्या विधेयकाला विरोध केला. त्यांचा मुद्दा व्यापाराचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता. ती वादग्रस्त कलमे सरकारने डिसेंबरात मागे घेतली. त्यामागे युरोपीय संघाशी झालेली तडजोड होती आणि लॉर्ड्समधला दणदणीत पराभवही. सगळे श्रेय वॉशिंग्टनला देणे खोटे ठरेल.

भारतीय वाचकाला इथे वेगळीच शंका येईल. काश्मीरच्या प्रश्नात तिसऱ्याची मध्यस्थी नको, असे आपण सिमला करारापासून सांगत आलो. मग आयर्लंडमध्ये अमेरिकेला शाबासकी कशी द्यायची? विसंगती वाटते, पण दोन्हीकडे कसोटी एकच लागते. १९७२मध्ये दोन्ही देशांनी प्रश्न आपसात सोडवायचे, किंवा दोघांना मान्य होईल अशाच दुसऱ्या शांततेच्या मार्गाने, असे लिहून घेतले. बेलफास्टमध्ये दोघांनी मिळून तिसऱ्याला बोलावले. दोघांच्या निमंत्रणाशिवाय येणारा मध्यस्थ म्हणजे आगंतुक, आणि त्याला दाराबाहेर ठेवण्याचा हक्क कुणालाही आहे. पण एकदा दोघांनी बोलावून साक्षीला बसवलेल्याला, नंतर एकाला अडचण झाली म्हणून, तू कोण असे विचारता येत नाही.

दबावाचा आक्षेपही याच्या जवळचा. करार धोक्यात आला तर ब्रिटनशी व्यापारकरार काँग्रेसमध्ये मंजूर होणार नाही, असे प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी बजावले होते. ही धमकी म्हणायची का? शेजाऱ्याची उसनवारी बुडवणाऱ्याला वाण्याने उधार नाकारले, तर त्याने कुणाच्या घरात हात घातलेला नसतो. तो स्वतःच्या गल्ल्यापुरता निर्णय घेतो. व्यापारकरार मंजूर करायचा की नाही, हा काँग्रेसचा स्वतःचा गल्ला होता.

खरा कठीण आक्षेप पक्षपाताचा. अमेरिकेत आयरिश वंशाची मते कोट्यवधींची, आणि त्या स्मृतीत अल्स्टरचे प्रोटेस्टंट क्वचितच सहानुभूतीने येतात. शिवाय इराणशी झालेला अणुकरार २०१८मध्ये स्वतः अमेरिकेनेच सोडला होता. दुटप्पी साक्षीदाराची साक्ष खोटीच असते असे नाही, पण तिचे वजन घटते हे मान्य. ते भरून काढण्याचा मार्ग एकच: आपल्या माणसांना न रुचणारे बोलणे. अमेरिकी लोकप्रतिनिधींनी पूर्वी हे केले आहे. १९७७च्या सेंट पॅट्रिक दिनी टिप ओ’नील, एडवर्ड केनेडी, मॉयनिहन आणि ह्यू कॅरी या चौघांनी आयरिश-अमेरिकनांना हिंसाचाराला मदत करू नका असे सांगितले. तेव्हा आयआरए या सशस्त्र संघटनेला अमेरिकेतून पैसा जात होता, हे लक्षात घेतले तर त्या निवेदनाची किंमत कळते. २००५मध्ये बेलफास्टमधल्या एका खुनात आयआरएच्या माणसांचा हात असल्याचे समोर आले, तेव्हा केनेडींनी शिन फेनचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांची ठरलेली भेट रद्द केली. त्याच वर्षी जुलैमध्ये आयआरएने सशस्त्र मोहीम संपवल्याचे जाहीर केले. कार्यकारणभाव मोजता येत नाही. पण आपल्याच मित्राने दार लावल्याचा आवाज दूरवर ऐकू गेला असणार.

ब्रेक्झिटच्या काळातल्या ठरावांत हा कस मला दिसत नाही. त्यांचा सगळा भर उत्तर-दक्षिण सीमेवर. खरे तर जकातीच्या तपासणीबद्दल करार काहीच सांगत नाही. तो सांगतो ते दोन्ही समाजांच्या संमतीबद्दल. सीमा खुली राहावी म्हणून तपासणी आयरिश समुद्रात नेली, तेव्हा दुखावले ते युनियनिस्ट, आणि त्यांचे गाऱ्हाणे त्याच कराराच्या गाभ्यातून निघत होते. मे २०२२मध्ये बेटावर आलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या शिष्टमंडळाचे प्रमुख रिचर्ड नील यांनी हा प्रश्न मुद्दाम तयार केलेला आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. ते साक्षीदाराला शोभणारे नव्हते. युनियनिस्टांनी सरकार चालू न देता दोन वर्षे विधानसभा ठप्प ठेवली, हेही करारात बसत नव्हते, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे होते. पण आधी गाऱ्हाणे ऐकून घेतल्याशिवाय ते सांगण्याची पात्रता येत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी स्टॉर्मॉन्टमधल्या उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत समुद्री व्यवस्था चालू ठेवण्यावर मतदान झाले. ४८ विरुद्ध ३६ मतांनी ती मंजूर झाली. बाजूने युनियनिस्टांचे एकही मत पडले नाही. या मतदानापुरते साधे बहुमत पुरेल, असा नियम आधीच करून ठेवला होता. दोन्ही समाजांची संमती न मिळाल्यामुळे पुढचे मतदान आठऐवजी चार वर्षांनीच येणार आहे. त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये पुन्हा ठराव लिहिला गेला, तर त्यात सीमेच्या वाक्याशेजारी संमतीचे वाक्यही असावे. मग युनियनिस्टांच्या पूर्व बेलफास्टमध्येही तो कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल.