यादीत नसलेलं दार

डिसेंबर २०२५ च्या नगर परिषद निवडणुकीत वाडीत एका मित्रासाठी मी दहा-बारा संध्याकाळी दारोदार फिरलो. हातात मतदार यादी, खिशात पेन. दार उघडलं की नमस्कार, पत्रक आणि मग ठरलेला प्रश्न, "घरात मतं किती?" माणसं किती, असं आम्ही कुणालाच विचारलं नाही. पक्कं मत असेल तर नावापुढे बरोबरची खूण, विरोधातलं असेल तर फुली, डळमळीत असेल तर गोल. गोलवाल्यांकडे पुन्हा जायचं. यात बेकायदा काही नव्हतं. आम्ही पैसे वाटले नाहीत, जेवणावळी घातल्या नाहीत.

अमरावती रोडच्या कडेनं ट्रान्सपोर्ट आणि गोदामं वाढली, तशा वाडीत भाड्याच्या खोल्याही वाढल्या. अशाच एका ओळीतल्या सहा खोल्यांपैकी एकाही खोलीतलं नाव यादीत नव्हतं. आम्ही घरमालकाला पत्रक देऊन वळलो, तेवढ्यात एका खोलीतून बाईचा आवाज आला, "भाऊ, आमच्याकडे काऊन नाई आले?"

"ताई, तुमचं नाव यादीत नाही."

"नाव गावाकडं हाये. पन पानी त इथलंच भरतो ना आमी!"

सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, "मग नाव इकडे आणा, फॉर्म भरा." म्हणणं चुकीचं नव्हतं. पत्ता बदलून नाव आणता येतं. पण दर दोन वर्षांनी खोली बदलणारा, गावाकडचं घर-शेत न सुटलेला माणूस ते का टाळतो, हेही कळण्यासारखं आहे.

मला दुसरीच गोष्ट बोचली. प्रभाग पाडताना मतदार मोजत नाहीत, जनगणनेतली लोकसंख्या मोजतात. त्यात तान्हं मूलही येतं आणि मत गावाकडं असलेला हमालही. म्हणजे नगरसेवकांच्या जागा ठरवताना अशा माणसांचा आकडा चालतो. मतं मागताना मात्र त्यांचं दार वगळायचं. लहान मुलांनाही मत नसतं, पण त्यांच्या वतीनं आईबाप बोलतात. या खोल्यांच्या वतीनं कोण बोलणार? घरमालक? नळाची वेळ ठरवताना त्याचं आणि त्यांचं हित एकच असेल असं नाही.

प्रचाराला वेळ मोजका असतो, हे मान्य. मत नसलेल्या दारात थांबणं उमेदवाराला परवडत नाही. पण प्रचार म्हणजे फक्त मागणं नव्हे. नगरसेवक होऊ पाहणारा माणूस आपला प्रभाग पहिल्यांदा पाहतो तो याच दिवसांत. तेव्हा जी दारं वगळली, ती पुढची पाच वर्षं त्याच्या नकाशावर येणार कशी? यादी हातात घेण्यात गैर नाही. यादीलाच प्रभाग समजण्यात आहे.

त्या बाईकडे मी थांबलो. नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास, सहा खोल्यांना एक. यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. "एवढ्यात दहा मतं झाली असती," कार्यकर्ता म्हणाला. झाली असती. तो तोटा सोसायची तयारी नसेल, तर आपण प्रतिनिधी निवडत नाही, फक्त गिऱ्हाइकं गोळा करतो.