सोळा ऑसिलेटर, एक 'सा'

शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिकांमधला जुना वाद. मीमांसक त्याला नित्य मानतात, नैयायिक अनित्य. मीमांसकांचा मोठा आधार ओळखीचा आहे. काल ऐकलेला 'ग' आज पुन्हा कानावर पडला की आपण 'हा तोच ग' म्हणतो, 'त्याच्यासारखा' म्हणत नाही. म्हणून वर्ण कायमचा आहे आणि उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. हा 'ग' वर्णमालेतला. पण सरगमेतल्या 'ग'लाही हाच प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरइतके चांगले वाद्य नाही. 1982 साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या जुपिटर-8 वर यमन, भैरवी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. सतारीत तार छेडावी लागते, बासरीत फुंकर लागते. जुपिटर-8 मधले स्वर निर्माण करणारे ऑसिलेटर मात्र कोणी पट्टी दाबो न दाबो, आत सतत चालूच असतात. पट्टी त्यांना त्यांची उंची सांगते आणि आवाजाचा दरवाजा उघडते. मीमांसकाला याहून अनुकूल दृष्टांत कुठून मिळणार?

तरीही हे वाद्य माझ्या मते नैयायिकाच्या बाजूने साक्ष देते. त्यात आठ आवाज आहेत आणि प्रत्येकाचे दोन, असे सोळा ऑसिलेटर. युनिसन या पर्यायात हे सगळे एकाच पट्टीमागे उभे राहतात. त्यांतले कोणतेही दोन तंतोतंत जुळत नाहीत, आणि तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांसारखा त्या किंचित फरकातूनच नादाला भरदारपणा येतो. आपण ऐकतो मात्र एक 'सा'. म्हणजे 'तोच' ही ओळख भेद पोटात घालूनही होते. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी आपण तिला तीच म्हणतो. ओळखीतून जात (वर्ग) सिद्ध होते, नित्य व्यक्ती नव्हे.

मीमांसक म्हणेल, हा भेद ध्वनीचा आहे. ध्वनी अनित्य हे आम्ही कधी नाकारले? शिवाय तुमची जातही नित्यच ना? दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण जात वाजत नाही. ध्वनीतला सगळा भेद बाजूला काढल्यावर कानाला जे उरते ते वर्गाचे नाव, आणि त्याला शब्द म्हणणे मला पटत नाही. आणि जे प्रत्यक्ष वाजते ते स्थिरही नसते. अशा वाद्यांच्या प्रचलित मापात 1 व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. म्हणजे अर्ध्या स्वराला साधारण 83 मिलिव्होल्ट. ट्रान्झिस्टर तापमानाला हळवे, त्यामुळे एवढ्याशा हिशेबात उष्णतेने सहज ढवळाढवळ होते. दुर्ग-भिलाईकडच्या पद्मनाभपुरात मे महिन्यात पहाटे लावलेला 'सा' दुपारी पारा 40 अंशांपलीकडे गेल्यावर तसाच राहील, असे धरून चालता येत नाही. जुपिटर-8 च्या रचनाकारांना हे ठाऊक होते. ऑसिलेटर पुन्हा सुरात आणण्यासाठी त्यांनी त्यावर एक वेगळे बटण दिले आहे.