नक्को

पहाटेची अजान होऊन गेलेली असते आणि मंद्रूपच्या स्टँडवर सोलापूरला जाणारी गाडी धरायला माणसं जमू लागतात. विजापूर रस्त्यावरचं हे गाव. चहाच्या गाड्यापाशी उभं राहिलं की एका कानानं मराठी ऐकू येतं, दुसऱ्या कानानं कन्नड, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "शक्कर ज्यादा नक्को डालो."

त्या 'नक्को'पाशी मी दरवेळी थांबतो. तो आपलाच 'नको' आहे. 'मैंच', 'वोइच' म्हणताना ठासून लावलेला 'च'सुद्धा आपलाच. उत्तरेतून आलेली बोली बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात दख्खनच्या मातीत रुजली, मराठी-कन्नड-तेलुगूच्या शेजारानं वाढली आणि इथल्या मुसलमानांची दखनी झाली. मालाची नावं बाजारातून उचलता येतात. नकार देण्याचा शब्द आणि हट्टानं सांगण्याचा 'च' मात्र तसा मिळत नाही. पोरांनी एका अंगणात खेळावं, भांडावं, रुसावं, तेव्हा तो जिभेवर बसतो. मराठी आणि मुसलमान यांच्या नात्याचा ह्याहून जुना आणि खरा दाखला मला माहीत नाही.

आणि तरीही मी एकदा चुकलो. ह्याच स्टँडवर एका वयस्क मुलाणी गृहस्थांशी पावसाच्या, ज्वारीच्या गोष्टी चालल्या होत्या. बोलता बोलता मी कौतुकानं म्हणालो, "चाचा, तुमचं मराठी फार छान आहे हो." ते गप्प झाले. गाडी आली, ते चढले. मला वाटलं होतं, मी चांगलं बोललो. घरी येईपर्यंत कळलं होतं की मी त्यांना त्यांच्याच गावात पाहुणा केलं. ज्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या बलुतं होतं, त्यांना मी भाषेचं प्रशस्तिपत्र देत होतो. शेजारच्या पाटलांना किंवा माळ्यांना मी हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

मुसलमान जिथे थोडे आहेत तिथे 'तुम्ही कोण' ह्याचं उत्तर पुष्कळदा दुसरेच देऊन टाकतात. श्रीलंकेतल्या मूर मुसलमानांची घरची भाषा बहुतांशी तमिळ, तरी शिरगणतीत त्यांचा वंश तमिळांपासून वेगळा मोजला जातो. युगोस्लाव्हियात १९७१ च्या जनगणनेत 'मुस्लिम' हे एका राष्ट्रीयत्वाचंच नाव झालं. पुढे १९९३ मध्ये त्या लोकांनी स्वतःसाठी 'बोस्नियाक' हे नाव घेतलं. आपल्याकडेही धर्माचं नाव हेच कुळाचं नाव झालं की नदाफांचं पिंजण, शिकलगारांची सहाण, मणेरांच्या बांगड्या, तांबोळ्यांची पानं, बागवानांची भाजी हे सगळं एका शब्दाखाली झाकलं जातं. माणूस उरतो, त्याचं गाव दिसेनासं होतं.

सोलापुरात स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आपण भाषणात कुर्बान हुसेन यांचं नाव घेतो ते पुष्कळदा पुरावा म्हणून, 'बघा, मुसलमानही होते' असं सांगायला. मग उरलेल्या तिघांची नावं आपण कशाचा पुरावा म्हणून घेतो? ते आपले होते, एवढंच. कुर्बान हुसेनही तेवढेच आणि तसेच आपले होते.

करमाळ्यात जन्मलेले डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. महानुभाव वाङ्मयात आयुष्य घातलेला हा अभ्यासक. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर ह्यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. तेव्हा काहींनी विचारलं, मराठीत वेगळी चूल कशाला? माझं मत विचाराल तर ती चूल वेगळी नव्हती. 'मुस्लिम' आणि 'मराठी' हे दोन शब्द एका फलकावर शेजारी लिहून दाखवण्याची ती गरज होती, आणि ती गरज आपल्या त्या कौतुकाच्या वाक्यानंच निर्माण केली होती.

मंद्रूपच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला शके ९४० चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. ती मराठी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून आजवर आली, त्यांत ते चाचाही आहेत.

आज सकाळी स्टँडवर, दुकानात, कचेरीत कुणी मुलाणी, शेख, नदाफ भेटले तर त्यांच्या मराठीचं कौतुक करू नका. यंदा ज्वारी कशी आली, ते विचारा.