अंतराचे उत्तरदायित्व : लहान कॅमेरा, स्थिर भिंग आणि खासगी छायाचित्र

१

छायाचित्राविषयीची सैद्धांतिक चर्चा बहुधा छायाचित्र तयार झाल्यानंतरच्या क्षणापासून सुरू होते. रोलाँ बार्त १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात प्रेक्षकाच्या भूमिकेतून बोलतात. आपण छायाचित्रकार नाही, हे ते आरंभीच स्पष्ट करतात. सुझान सोंटाग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’त छायाचित्र घेण्याच्या कृतीतील आक्रमकता दाखवून दिली. प्येर बुर्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ सालीच कौटुंबिक छायाचित्राचे सामाजिक कार्य उलगडले होते : कुटुंब आपली एकात्मता छायाचित्रातून साजरी करते आणि तसे करताना ती दृढही करते, असे त्यांचे प्रतिपादन. या तिन्ही विवेचनांचे महत्त्व वादातीत आहे. मात्र तिन्हींमध्ये ‘कॅमेरा’ हे बव्हंशी सामान्यनामच राहते. कोणत्या भिंगातून पाहिले गेले, ते भिंग बदलता येत होते की नव्हते आणि त्यामुळे पाहणाऱ्याला कोठे उभे राहावे लागले, हे प्रश्न तांत्रिक समजून हस्तपुस्तिकांकडे सोपवले जातात.

खासगी छायाचित्राच्या बाबतीत हे प्रश्न नैतिक प्रश्नाच्या गाभ्याशी येतात. आपल्याच माणसांचे छायाचित्र घेणारा त्यांच्यापासून किती अंतरावर उभा असतो? ते अंतर त्या माणसांना ठाऊक असते का? आणि त्याची खूण छायाचित्रात उरते का? एकाच नाभीय अंतराचे भिंग असलेला लहान कॅमेरा हे अंतर सहसा लपू देत नाही, आणि खासगी छायाचित्रावरील त्याचा सर्वांत खोल संस्कार हाच आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. अशा कॅमेऱ्यामुळे छायाचित्रकार नीतिमान होतो, असा दावा नाही. त्याला जाब विचारणे शक्य होते, एवढाच दावा आहे.

२

प्रथम एक रूढ गैरसमज दूर करायला हवा. भिंग बदलले की यथार्थदर्शन बदलते, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात जवळचे किती मोठे आणि दूरचे किती लहान दिसेल, हे केवळ कॅमेरा कोठे आहे यावर अवलंबून असते. नाभीय अंतर ठरवते ते एवढेच, की त्या ठिकाणाहून दिसणाऱ्या दृश्याचा केवढा भाग चौकटीत येईल. म्हणजे झूम भिंग यथार्थदर्शनाला हात लावत नाही. ते चौकट आणि जागा यांच्यातील बंधन सोडवते. स्थिर भिंगात हे बंधन कायम असते. चेहरा मोठा हवा असेल तर पुढे जावे लागते, घर दिसायला हवे असेल तर मागे सरावे लागते. चौकटीविषयीचा प्रत्येक निर्णय हा पायांनी अमलात आणायचा निर्णय होतो.

हे आकड्यांत मांडता येते. पस्तीस मि.मी. फिल्मची चौकट २४ मि.मी. उंच व ३६ मि.मी. रुंद असते. आडव्या चौकटीत माणसाचे डोके व खांदे, म्हणजे सुमारे ६० सें.मी. उंचीचा भाग, पुरा बसवायचा असेल तर २८ मि.मी. भिंगाला सुमारे ७० सें.मी., ३५ मि.मी.ला सुमारे ९० सें.मी. आणि ५० मि.मी.ला सव्वा मीटर अंतर लागते. १०५ मि.मी. भिंगाने तेच काम अडीच मीटरांहून थोड्या अधिक अंतरावरून होते. एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली माणसामाणसांतील अवकाशाचे जे वर्गीकरण केले, त्यात सुमारे ४५ सें.मी. ते १२० सें.मी. हा ‘व्यक्तिगत’ अंतराचा पट्टा आहे, आणि १२० सें.मी. ते साडेतीन मीटरांच्या आसपासचा पट्टा ‘सामाजिक’ अंतराचा. हॉल यांचे आकडे अमेरिकेतील विशिष्ट वर्गाच्या निरीक्षणातून आलेले आहेत. ते सार्वत्रिक मानण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. लहान कॅमेऱ्यांचे नेहमीचे भिंग २८ ते ४० मि.मी.चे असते. त्याने चेहरा टिपायचा तर व्यक्तिगत अंतरात शिरावेच लागते. लांब भिंगवाला सामाजिक अंतरावर थांबून व्यक्तिगत अंतरावरचा चेहरा मिळवतो.

लहान कॅमेऱ्याला हे भिंग नैतिक हेतूने मिळालेले नाही. ऑस्कार बार्नाक यांनी घडवलेला लायका १९२५ साली बाजारात आला तो ५० मि.मी. भिंगासह. पुढे कॅमेरा खिशात मावावा म्हणून भिंग आखूड करण्याकडे कल राहिला. आखूड भिंगाचे आणखी दोन फायदे होते : स्पष्टतेची खोली अधिक असल्याने अंतर ठरवण्यातील चूक झाकली जाई, आणि लहानशा खोलीतही बरेच काही चौकटीत येई. १९६६ च्या रोलाय ३५ मध्ये ४० मि.मी. भिंग होते, पण अंतर मोजण्याची सोय नव्हती. वापरणाऱ्याने समोरचे माणूस किती मीटरांवर आहे याचा अंदाज बांधून ते अंतर भिंगावर स्वतः लावायचे. मायतानी योशिहिसा यांनी रचलेल्या १९७९ च्या ऑलिंपस एक्सएमध्ये ३५ मि.मी. भिंग आणि अंतर जुळवणारा दर्शक होता. त्याची जवळात जवळची मर्यादा ८५ सें.मी. होती. वरील हिशेबाशी ही मर्यादा ताडून पाहावी : चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी लागणाऱ्या अंतराच्या अगदी काठावर ती येते. त्याहून जवळ जाण्याची मुभा यंत्रच नाकारते.

३

भारतीय मध्यमवर्गीय घरांतील जुने अल्बम या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत. अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा पेटीसारखा कॅमेरा पुष्कळ घरांतला पहिला कॅमेरा होता. एका रोळावर बारा चौकोनी चित्रे, एकच स्थिर भिंग, आणि तेही कायमचे एकाच अंतराला जुळवलेले. त्यामुळे माणसांना काही पावले दूर उभे करावे लागे. अंगणात किंवा गच्चीवर माणसे डोक्यापासून पायांपर्यंत दिसतात, चेहरे लहान असतात, मागे तुळशीवृंदावन, दोरीवरचे कपडे, शेजारच्या घराची भिंत असते. कडेवरचे मूल, पदर सावरून उभी असलेली सून आणि खुर्चीत बसलेले वडीलधारे ही सगळी रचना कुटुंबातील मानापमानाच्या व्यवस्थेची संहिता म्हणून वाचता येते. बुर्द्यू यांनी कॅमेऱ्यासमोर सरळ, समोरासमोर उभे राहण्याला प्रतिष्ठेशी जोडले, ते येथेही लागू पडते. पण या संकोचाचे सारे श्रेय संस्कृतीला देणे घाईचे होईल. त्याचा काही भाग भिंगाने लादलेला आहे. कुटुंबातील मर्यादेचे अंतर आणि भिंगाच्या स्पष्टतेचे अंतर योगायोगाने जुळले, आणि एकाने दुसऱ्याला स्वाभाविक भासवले.

या छायाचित्रांत आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. सूर्य पाठीमागे ठेवण्याचा उपदेश पाळल्यामुळे छायाचित्रकाराची सावली चित्राच्या खालच्या कडेवर पडलेली असते. कारागिरीच्या दृष्टीने तो दोष होय. परंतु जो अल्बममध्ये बहुधा कोठेच दिसत नाही, त्या घरच्या माणसाची जागा ही सावली नोंदवून ठेवते. स्थिर भिंगाचे छायाचित्र सावली नसतानाही हेच काम अदृश्यपणे करते. भिंग कोणते ते ठाऊक असेल तर छायाचित्रकार साधारण कोठे उभा होता हे काढता येते, आणि त्याबरोबर त्या दोघांमधील संबंधाविषयी प्रश्न विचारता येतात.

४

कथनमीमांसेच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. वेन बूथ यांनी १९६१ साली निवेदक, पात्र आणि वाचक यांच्यातील नैतिक व भावनिक अंतराची चर्चा केली. झेरार जनेत यांनी १९७२ साली कथनातील दृष्टिकोनासाठी जी ‘फोकलायझेशन’ ही संज्ञा रूढ केली, तिच्यात प्रकाशशास्त्रातील नाभीचेच रूपक आहे. त्याहीपूर्वी, १९१२ साली, एडवर्ड बलो यांनी मांडलेली ‘मानसिक अंतरा’ची कल्पना मराठी सौंदर्यचर्चेला परिचित आहे. या तिन्ही ठिकाणी ‘अंतर’ हा शब्द लाक्षणिक आहे. छायाचित्रात तो प्रथम वाच्यार्थाने घ्यावा लागतो, आणि मगच लक्षणेकडे जाता येते.

झूम असलेल्या छायाचित्रकाराची स्थिती सर्वसाक्षी निवेदकासारखी असते, असे म्हणण्याचा मोह होतो. १९८६ साली पेंटॅक्सने ३५ ते ७० मि.मी. झूम असलेला लहान कॅमेरा आणला आणि ही सोय घरगुती छायाचित्रणात शिरली. तथापि हे साम्य मर्यादित आहे. सर्वसाक्षी निवेदक पात्राच्या मनात शिरतो तेव्हा त्याला विरोध करू शकेल असे कोणी तेथे नसते. पात्र त्याचीच निर्मिती असते. छायाचित्रातील माणूस मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला खरोखर बसलेला असतो. त्याच्याकडे पाहिले जात आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे, आणि तोंड फिरवण्याचाही. स्थिर भिंग हातात असलेल्याला त्याच्या दिशेने चालत जावे लागते. त्या चार पावलांत होकार किंवा नकार व्यक्त होण्यास वेळ मिळतो. भुवई उंचावते, हात आडवा येतो, किंवा काहीच न होता माणूस आपले काम करत राहतो. अशा छायाचित्राचा आशय या देवघेवीतूनही घडत असतो.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जवळ जाणे म्हणजे जवळीक नव्हे. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली दडवलेल्या काँटॅक्स कॅमेऱ्याने समोरच्या बाकावरील प्रवाशांची छायाचित्रे घेतली. भिंग एकच, अंतर थोडके, आणि ते चित्रांत स्पष्ट वाचता येते. तरी प्रवाशांना त्याचा पत्ता नव्हता. ग्रंथरूपाने ती १९६६ साली आली, म्हणजे जवळजवळ पाव शतक थांबून. येथे अंतराची वाचनीयता दुहेरी आहे, हे लक्षात येते. ते प्रेक्षकाला वाचता येणे एक, आणि चित्रविषय झालेल्या माणसाला त्या क्षणी वाचता येणे दुसरे. स्थिर भिंग पहिलीची तजवीज करते. दुसरी छायाचित्रकाराच्या वर्तनावर अवलंबून असते, आणि लहान, दबक्या आवाजाचा कॅमेरा येथे उलट लपाछपीलाही सोयीचा ठरतो.

नोबुयोशी अराकी यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. पत्नी योको यांच्यासमवेतच्या मधुचंद्राच्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांनी १९७१ साली स्वतः प्रकाशित केले. खासगी छायाचित्रणाच्या इतिहासात त्याला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते. योको १९९० साली वारल्या. पुढील वर्षीच्या पुस्तकात त्यांच्या शवपेटीतील चेहऱ्याचे छायाचित्र होते, आणि ते छापण्यावरून किशिन शिनोयामा या समकालीन छायाचित्रकाराशी त्यांचा जाहीर वाद झाला. या छायाचित्रात अंतराविषयी कोणतीही लबाडी नाही. पती जितका जवळ उभा राहू शकतो तितका तो उभा आहे. पण जिच्या दिशेने पावले टाकली गेली, ती व्यक्ती तोंड फिरवू शकत नव्हती. २०१८ साली, दीर्घकाळ अराकींची मॉडेल राहिलेल्या एका स्त्रीने, आपल्या संमतीविना छायाचित्रे वापरली गेल्याचा व लेखी करार कधीच नसल्याचा जाहीर आरोप केला. प्रामाणिक अंतर आणि न्याय्य संबंध या भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन्ही प्रसंगांतून दिसते. बार्त यांनी आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्रावर आपला ग्रंथ उभारला, ते त्यात छापले नाही. जवळचे छायाचित्र असणे आणि ते इतरांना दाखवणे या दोन स्वतंत्र नैतिक कृती आहेत. भिंगाची साक्ष पहिल्या कृतीपुरतीच असते.

६

म्हणून स्थिर भिंगाचे मोल मर्यादित आहे. आजच्या परिस्थितीत मात्र ते अधिक स्पष्ट दिसते. खासगी छायाचित्रण आज मुख्यतः मोबाइल फोनवर होते. फोनच्या प्रमुख भिंगाचा दृष्टिकोन साधारणपणे जुन्या २४ ते २८ मि.मी. भिंगाएवढा असतो, म्हणजे रचनेने तो लहान कॅमेऱ्याचाच वारस आहे. हात लांबवून घेतलेल्या स्वतःच्या छायाचित्रात नाक मोठे व कान मागे सरलेले दिसतात, याचा दोष भिंगाला दिला जातो. वस्तुतः ती हाताच्या लांबीची, म्हणजे अंतराची, खरी नोंद असते. परंतु २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये आलेल्या ‘पोर्ट्रेट’ सोयीपासून पार्श्वभूमीची अस्पष्टता भिंगातून न येता गणिताने रचता येऊ लागली. त्या अस्पष्टतेवरून प्रेक्षक मोठे भिंग, निवांतपणा आणि खास लक्ष यांचा बोध करून घेतो. यांपैकी काहीच घडलेले नसले तरी चिन्ह शिल्लक राहते. मागचे तुळशीवृंदावन, दोरीवरचे कपडे, शेजारची भिंत, म्हणजे तो माणूस जेथे जगत होता ते सारे, या प्रक्रियेत पुसट होते.

खासगी छायाचित्र हे पुढे मुलानातवंडांच्या हाती जाणारे साधन असते. ते पाहणाऱ्याला आजीचा चेहरा हवा असतोच. पण तिच्याकडे कोण, कोठून पाहत होते आणि तिला ते ठाऊक होते का, हेही कधीतरी विचारावेसे वाटते. ज्या भिंगाला जागा सोडता येत नव्हती, त्याच्या छायाचित्रात या प्रश्नाच्या उत्तराचा निदान एक भाग उरलेला असतो. उरलेले उत्तर ज्याने बटण दाबले त्याच्याकडेच मागावे लागेल.