शोकाच्या घरी जावे कसे?

शास्त्रपाठ : ईयोब २ : ११-१३, निर्गम १७ : ८-१३

ईयोबाच्या तीन मित्रांना आपण पुष्कळ बोल लावतो. परंतु त्यांनी आरंभी जे केले, ते आपल्यापैकी थोड्यांनाच साधते. मित्राचे संकट ऐकून ते आपापले ठिकाण सोडून आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. चुकले ते पुढे, त्याच्या दुःखाचे कारण त्यालाच समजावून सांगू लागले तेव्हा.

यहूदी गुरूंनी ह्यावरून नियम बांधला की, शोक करणाऱ्याने तोंड उघडल्यावाचून भेटीस आलेल्याने बोलू नये. दफनानंतर घरची माणसे सात दिवस खाली बसून शोक पाळतात. त्यास 'शिवा' म्हणतात, म्हणजे सात. परतल्यावरचे पहिले जेवण आपल्या घरचे खावयाचे नसते. ते शेजाऱ्यांनी आणावयाचे. त्यात अंडी किंवा मसूर असते. मसुरीला तोंड नसते, तसे दुःखितालाही तोंड नसते, असे ते गुरू सांगतात.

हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातील बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान सामुएल दिवेकर ह्यांनी १७९६ साली बांधले. आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद पिठले-भाकरी नेतात, ती 'कडू घास' देण्याची चाल तर आपल्या गावांतही आहे.

घास आपण देतो. मौन मात्र आपल्याला जड जाते. आपल्या मराठवाड्यात पाऊस दगा देतो, कर्ज फिटत नाही, आणि एखाद्या घरचा कर्ता पुरुष आपल्या हाताने आपला जीव संपवितो. तेथे गेलेली मंडळी ओसरीवर बसल्या बसल्या विचारू लागतात : कर्ज किती होते? दारू पीत होता काय? तुला आधी कळले कसे नाही गं? एखादा त्याच्या आत्म्याचा निवाडाही तेथेच देऊन मोकळा होतो. ती बाई आधीच अर्धमेली. तिला आणखी बिल्दद व सोफर कशाला? मला तर वाटते की, उपदेशकानेही अशा घरी पुस्तक उघडण्याची घाई करू नये. तिने म्हटले तर वाचावे.

आता मोशेकडे पाहा. अमालेकाशी लढाई चालली असता त्याचे हात भरून आले. तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी त्याला धोंड्यावर बसविले, आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरले, ते सूर्य मावळेपर्यंत. तालमुदात प्रश्न केला आहे : मोशेला बसावयास एक गादी मिळाली नसती काय? उत्तर असे की, लोक संकटात असता त्याला गादी नको होती. हूराविषयी शास्त्रात फार थोडे सांगितले आहे. त्याने त्या दिवशी भाषण केल्याचे लिहिलेले नाही. हात धरला एवढेच लिहिले आहे.

सात दिवस सरले की माणसे पांगतात, आणि हात भरून येतात ते तेव्हाच. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करावयाची असते. तलाठ्याकडे व तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. पेरणी तोंडावर येते. तेथे त्या बहिणीस एकटी जाऊ देऊ नका. मंडळीतील दोघांनी, त्यांत एक स्त्री असावीच, तिच्याबरोबर पैठणची किंवा गंगापूरची एस.टी. धरावी. त्या दिवशी साहेब भेटले नाहीत, तर पुढल्या सोमवारी पुन्हा धरावी.